नाव जुळवणारे ॲप कुणी बनवेल का?

ईदनंतरच्या रविवारी आमच्याकडे सगळे जमले होते. जेवणे झाली होती, चहा चालू होता आणि घरातली मुले मोबाईलमध्ये डोकी घालून बसली होती. आम्ही सहज विचारले, "या फोनमध्ये सगळे काही आहे असे तुम्ही म्हणता. मग त्यात नाही असे काय आहे? जे असायला हवे होते असे वाटते, ते एकेकाने सांगा."

प्रश्न सगळ्यांना आवडला. भाच्याला विज्ञानाचा मराठीतला धडा घरच्या दक्खनी बोलीत समजावून सांगणारे ॲप हवे होते. दादीला विजेचे बिल मोठ्याने वाचून दाखवणारे हवे होते, कारण तिचा चष्मा नेहमी दुसऱ्याच खोलीत असतो. भाभी म्हणाल्या, "मोहल्ल्यात कुणाची देग आणि कुणाच्या पराती कुणाकडे गेल्या आहेत, ते लक्षात ठेवणारे काहीतरी द्या." टेम्पो चालवणाऱ्या भावाला परतीचे भाडे शोधून देणारे ॲप पाहिजे होते. यातल्या काही गोष्टी आजही मिळतात, हे मुलांनी लगेच शोधून दाखवले. हसणे-खिदळणे चालू होते.

अम्मी एवढा वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "मेरा नाम कौनसे कागज पे क्या हय, वो बतानेवाला कुछ है क्या?"

त्यावर कुणी हसले नाही. कारण या प्रश्नामागची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती.

अम्मीच्या नावातले 'बी'

अब्बूंचे शिलाईचे दुकान होते. आयुष्यभर मशीन चालवून त्यांनी थोडी रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली होती आणि नॉमिनी म्हणून अम्मीचे नाव लावले होते. अब्बूंच्या इंतकालानंतर पंधरा-वीस दिवसांनी आम्ही कागदपत्रे घेऊन बँकेत गेलो. समोरच्या साहेबांनी सगळे कागद शांतपणे पाहिले आणि पेन्सिलने गोल करायला सुरुवात केली.

मृत्यूच्या दाखल्यावर अब्बूंचे नाव मराठीत 'महंमद' असे सुरू होत होते. बँकेत ते इंग्रजीत एम-ओ-एच-डी अशा चार अक्षरांत होते. नॉमिनीच्या रकान्यात अम्मीच्या नावाला 'बी' जोडलेले होते. आधार कार्डावर ते 'बी' नव्हते आणि आडनावात एक अक्षर जास्त होते. साहेब म्हणाले, "माणसे दोनच आहेत हे मला दिसते आहे. पण कागदावर ती चार आहेत." ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याकडे कागद पाहण्याचे काम होते आणि ते त्यांनी केले.

प्रतिज्ञापत्र करा, असे त्यांनी सांगितले. त्यासाठी अम्मीने समक्ष येऊन सही करायला हवी होती. अम्मी इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस आम्ही थांबलो. त्यानंतर प्रतिज्ञापत्र केले, दोन साक्षीदार नेले, फोटो लावले. ते घेऊन बँकेत गेलो, तर टंकलेखकाने अम्मीच्या आडनावाचे आणखी एक नवे स्पेलिंग करून ठेवलेले. पुन्हा सगळे पहिल्यापासून. रक्कम हाती यायला आठ महिने लागले. मधल्या काळात धाकट्या बहिणीची कॉलेजची फी मामूंनी कर्जे-हसना म्हणून भरली. मामू नसते तर तिचे ते वर्ष गेले असते.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत जास्त सलते ते वेगळेच. अब्बू हयात असताना हे काम एका अर्जाचे आणि एका सहीचे होते. ते दर महिन्याला त्याच बँकेत जात. नावात फरक आहे, हे कुणी त्यांना सांगितले असते तर त्याच दिवशी ते दुरुस्त करून आले असते. पण कुणाच्या लक्षातच आले नाही. कागद सगळे घरातच होते, एकाच पत्र्याच्या पेटीत, एकावर एक.

असे होते तरी का?

आपल्या घरातली नावे तीन लिप्यांतून प्रवास करतात. दादाजींनी निकाहनामा उर्दूत पाहिलेला असतो. शाळेच्या रजिस्टरमध्ये गुरुजींनी नाव मराठीत लिहिलेले असते. बँक, पासपोर्ट आणि नोकरीचे अर्ज इंग्रजीत असतात. प्रत्येक वळणावर नाव थोडे बदलते.

उर्दूत 'ज' या उच्चारासाठी जीम आहे. 'झ'च्या जवळच्या मऊ उच्चारासाठी झाल, झे, झाद आणि झोए अशी चार अक्षरे आहेत. मराठीत आल्यावर कुणी 'जाकीर' लिहितो, कुणी 'झाकीर'. दोन्ही बरोबर समजली जातात. मग हेच नाव इंग्रजीत जाते. 'जाकीर' पाहून एक जण जे-ने सुरुवात करतो, 'झाकीर' पाहून दुसरा झेड-ने, आणि यंत्राने लिप्यंतर केले तर 'झ'चे जे-एच होते. एकाच मुलाचे नाव इंग्रजी वर्णमालेत जे-पाशी आणि झेड-पाशी अशा दोन ठिकाणी जाऊन बसते. 'काझी' के-ने लिहायचे की क्यू-ने, 'फातिमा' एफ-ने की पी-एच-ने, हा त्याच घरातला प्रश्न.

दुसरे कारण संक्षेपाचे. 'मोहम्मद'चे मराठीतच मोहम्मद, मुहम्मद, महंमद आणि महमद असे प्रकार होतात. इंग्रजीत ते कधी पूर्ण लिहितात, कधी चार अक्षरांत, कधी नुसते एम-डी. 'शेख'चे एस-के होते. लिहिणाऱ्याचा अर्धा सेकंद वाचतो, भरणाऱ्याचे सहा महिने जातात.

तिसरे कारण तोडण्या-जोडण्याचे. 'अब्दुल रहमान' हे एकच नाव आहे. 'अब्दुल'चा अर्थच 'चा दास' असा अर्धवट होतो. पुढे अल्लाहचे गुणनाम आल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. पण अर्जात पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन चौकोन असतात. मग 'अब्दुल' पहिल्या चौकोनात जातो आणि 'रहमान' बापाच्या चौकोनात. मराठवाडा-विदर्भात 'शेख सलीम शेख रहीम' अशी नावे घरोघरी आहेत. त्यात 'शेख' आधी येते आणि बापाच्या नावाआधी पुन्हा येते. तीन चौकोनांत हे नाव भरायला दिले तर तीन माणसे तीन तऱ्हांनी भरतील. पश्चिम महाराष्ट्रात मुलाणी, आतार, तांबोळी, बागवान, नदाफ, मणेर, शिकलगार अशी कामावरून आलेली आडनावे आहेत. त्यांतही एक 'एल' की दोन, एक 'टी' की दोन, मणेर की मणियार हे लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून राहते.

आणि बायकांच्या नावाचे तर विचारूच नका. माहेरी बापाचे नाव, सासरी नवऱ्याचे. त्यात 'बी', 'बेगम', 'बानो', 'खातून'. कुणी जोडून लिहितो, कुणी सोडून, कुणी गाळतो. म्हणून कागदाच्या अडचणीत घरातल्या बायका आधी सापडतात, आणि बहुतेक वेळा त्यांना ते नवरा किंवा बाप गेल्यानंतर कळते.

हा दोष फक्त आपल्या नावांचा आहे असे समजू नका. पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या एका प्रोग्रामरने २०१० साली एक यादी लिहिली होती. माणसांच्या नावांविषयी प्रोग्रामर लोक कोणकोणत्या चुकीच्या समजुती धरून चालतात, त्याची ती यादी. प्रत्येकाचे नाव एकच असते, ते कधी बदलत नाही, ते एकाच पद्धतीने लिहिले जाते, प्रत्येकाला आडनाव असतेच, अशा चाळीस समजुती त्यात आहेत. जगभरातल्या संगणकवाल्यांनी ती वाचली. चौकोन मात्र अजून तीनच आहेत.

यंत्र नावे कशी जुळवते?

आम्ही हा विषय घरातल्या इंजिनीअरिंग शिकणाऱ्या भाचीपुढे ठेवला. तिने दोन दिवस घेतले आणि आम्हाला कागदावर उदाहरणे मांडून दाखवली. ती पाहून आम्ही थक्क झालो.

नावे उच्चारावरून जुळवण्याची एक जुनी रीत आहे, साऊंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये तिचे पेटंट घेतले. रीत सोपी आहे. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढचे स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. एक अक्षर आणि तीन अंक मिळून नावाची खूण तयार होते. खूण सारखी आली तर नाव सारखे. आजही अनेक डेटाबेसमध्ये ही सोय तयार मिळते.

भाचीने ही रीत आपल्या नावांना लावली. 'मोहम्मद' आणि 'मुहम्मद' यांची इंग्रजीतली खूण एकच आली, एम-५३०. छान. पण चार अक्षरी संक्षेपाची आली एम-३००. म्हणजे अब्बू आणि अब्बू वेगवेगळे. 'जुबेर' जे-ने लिहिला तर जे-१६०, झेड-ने लिहिला तर झेड-१६०. म्हणजे एकच मुलगा दोन झाला. 'काझी' के-२०० आणि क्यू-२००. आणि 'सलीम' व 'सलमा'? दोघांची खूण एस-४५०. म्हणजे भाऊ आणि बहीण एकच!

दुसरी रीत रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांच्या १९६५च्या कामावरून आली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचे. आकडा जितका लहान, तितके शब्द जवळचे. 'सलीम'चे इंग्रजी स्पेलिंग बदलून 'सलमा' करायला दोन बदल पुरतात. झेड-यू-बी-ए-आय-आर याचे जे-यू-बी-ई-आर करायला तीन लागतात. म्हणजे या यंत्राच्या लेखी भाऊ-बहीण जवळचे आणि एकच माणूस स्वतःपासून दूर.

यंत्र मूर्ख आहे असा याचा अर्थ नाही. त्याला आपली नावे कुणी शिकवलेली नाहीत, एवढाच आहे. 'जे' आणि 'झेड' हे इंग्रजी माणसाच्या कानाला दोन आहेत. आपल्या घरात ते पुष्कळदा एकच असतात. 'सलीम' आणि 'सलमा' त्याला जवळचे वाटतात. आपल्याकडे शेवटचा 'आ' आला की बहुधा मुलगी हे लहान मूलही सांगेल.

मग शिकवणार कोण? इथे भाचीने सांगितलेली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली. अमेरिकेतल्या ज्यू समाजातले लोक आपल्या पूर्वजांच्या नोंदी शोधत होते. पूर्व युरोपातून आलेल्या त्यांच्या आडनावांना साऊंडेक्स लागू पडेना. 'मोस्कोविट्झ' हे नाव डब्ल्यू-ने लिहिले की एक खूण आणि व्ही-ने लिहिले की दुसरी, जरी उच्चार एकच. कुणी येऊन हे दुरुस्त करील म्हणून ते बसून राहिले नाहीत. १९८५ मध्ये गॅरी मोकोटॉफ यांनी या नावांसाठी साऊंडेक्सचे नियम सुधारले आणि रँडी डेच यांनी त्यात आणखी भर घातली. नव्या रीतीत पहिल्या अक्षरालाही अंक दिला, म्हणजे सुरुवातीचे अक्षर बदलले तरी नाव हरवत नाही. जिथे एका अक्षराचे दोन उच्चार होऊ शकतात तिथे दोन्ही खुणा ठेवल्या. डेच-मोकोटॉफ साऊंडेक्स या नावाने ती रीत आज वंशावळी शोधणारे सर्रास वापरतात. आपली नावे कशी बोलली आणि लिहिली जातात हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनीच ते काम केले.

आम्हाला हवे ते ॲप

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून एक यादी केली. असे ॲप कुणी बनवलेच, तर त्याने एवढे करावे.

१. घरातल्या कागदांचे फोटो काढले की त्याने त्यातली नावे वाचावीत. मराठी, उर्दू आणि इंग्रजी, तिन्ही लिप्यांतली. छापील मजकूर वाचणारी टेसरॅक्टसारखी मोफत सॉफ्टवेअर आज आहेत. त्यांत मराठी आणि उर्दूही आहे. हाताने लिहिलेला जुना निकाहनामा यंत्राला वाचता आला नाही, तर माणसाने स्वतः भरावा.

२. प्रत्येक माणसासाठी एक पान करावे: कोणत्या कागदावर नाव काय, जन्मतारीख काय, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव काय. जिथे फरक असेल ते अक्षर लाल दाखवावे.

३. आपल्या नावांचे नियम त्याला माहीत असावेत. ज आणि झ, के आणि क्यू, 'मोहम्मद'चे संक्षेप, 'अब्दुल'ची जोडणी, 'बी' आणि 'बेगम', दोनदा येणारे 'शेख'. हे नियम उघडे असावेत, म्हणजे कोकणातल्या घराला त्यात परकार-मुकादमांच्या तऱ्हा घालता येतील आणि औरंगाबादच्या घराला तिथल्या.

४. निकाल त्याने देऊ नये. एका गावात एकाच नावाची दहा माणसे असतात. जुळवण्याच्या घाईत एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर लागले तर तो मोठा जुलूम होईल. म्हणून ॲपने फक्त फरक दाखवावा. "हा मीच" हे माणसाने म्हणावे.

५. कोणता कागद आधी दुरुस्त करायचा आणि कोणता नंतर, हा क्रम सांगावा. लोक उलट्या क्रमाने जातात आणि दोनदा खर्च करतात.

६. घरातल्या वयस्क माणसांची पाने सर्वांत वर ठेवावीत. हा मुद्दा अम्मीचा.

७. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते बोलून सांगावे, तेही सोप्या भाषेत.

८. यातला एकही फोटो फोनच्या बाहेर जाऊ नये. हा मुद्दा सगळ्यांचा, आणि सर्वांत ठाम. घराचे सगळे कागद एका ठिकाणी गोळा करणे म्हणजे घराची किल्ली करणे. ती किल्ली कुणा परक्या कंपनीच्या खुंटीला लटकता कामा नये. जे ॲप फुकट देतो म्हणून कागद मागते, त्यापासून दूरच राहिलेले बरे.

भाची म्हणाली, "मामू, यातला एकेक भाग वेगवेगळा आज आहे. जोडणारे कुणी नाही." केंद्र सरकारने भारतीय भाषांसाठी 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ मध्ये सुरू केला आहे, मजकुराचे भाषांतर आणि बोलून दाखवणे अशी साधने त्यात आहेत. पण तिथला प्रोग्रामर आपल्या घरात येऊन 'बी' कुठे जोडायचे ते विचारणार नाही. ते आपल्या मुलामुलींनाच सांगावे लागेल. दर वर्षी आपली किती मुले संगणकाची पदवी घेतात! शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो आणि पुष्कळ जण तो विकत आणतात. त्याऐवजी चार जणांनी हे हाती घेतले तर? मार्क मिळतीलच, वर एखाद्या बेवा बाईचे आठ महिने वाचतील, ते वेगळे.

तोपर्यंत एक वही

ॲप येईल तेव्हा येईल. अम्मी थांबायला तयार नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने शंभर पानी वही मागवली आणि पत्र्याची पेटी खाली काढली. जे काम आम्ही यंत्राकडून मागत होतो, ते एका संध्याकाळी हाताने झाले. कसे केले ते सांगतो, कारण हे कुणालाही करता येते.

घरातल्या प्रत्येक माणसाला दोन पाने दिली. डावीकडे कागदाचे नाव: जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, मतदार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, निकाहनामा, सातबारा किंवा घराचा उतारा, विम्याचा कागद. उजवीकडे त्या कागदावर नाव जसे आहे तसे, एकेक अक्षर पाहून. सुधारून लिहायचे नाही, चूक असेल तर चूकच उतरवायची. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. वाचणारा नाव वाचत नाही, अक्षरे वाचतो. नाव वाचले की डोळा आपोआप चूक झाकतो.

अम्मीच्या नावाच्या पाच तऱ्हा निघाल्या. दादीच्या चार. सर्वांत धक्का आम्हाला स्वतःच्याच पानाने दिला. आमच्या पॅनवर आणि पासबुकावर अब्बूंचे नाव दोन प्रकारे आहे. इतकी वर्षे आम्ही दुसऱ्यांचे अर्ज भरून देत होतो!

मग एक कागद आधार म्हणून ठरवायचा. ज्यांचा शाळेचा किंवा जन्माचा दाखला आहे त्यांनी शक्यतो तोच धरावा, कारण बाकीची कार्यालये पुष्कळदा त्याच्याकडेच बोट दाखवतात. त्यानंतर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मूल शाळेत शिकत असतानाच रजिस्टरमधले नाव तपासून घ्यावे. शाळेत असताना मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्ती मागणे सोपे असते. दाखला हातात पडल्यावर तेच काम अवघड होते.

जन्माची नोंद नाव न घालता झाली असेल, तर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्माचा पुरावा म्हणून चालेल, असा कायद्यात बदल झाला आहे. तेव्हा त्यावरचे अक्षर नीट असलेच पाहिजे.

आधारमधले नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून आधी ठरवावे आणि मग जावे. घाईने जाऊन एक संधी वाया घालवू नये.

नावच बदलायचे असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करावे लागते. त्या प्रती जपून ठेवाव्यात. अक्षराचा किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पुष्कळ ठिकाणी चालते. पण ते ज्याचे आहे त्याने स्वतः, हिंडता-फिरता असताना करून ठेवावे. आणि सही करण्यापूर्वी टंकलेखकाने काय लिहिले आहे ते अक्षर-अक्षर वाचावे. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

बँकेत आणि विम्यात नॉमिनीचे नाव नॉमिनीच्या आधार कार्डाप्रमाणे आहे की नाही, हे मात्र आजच पाहावे. याला खर्च नाही. पासबुक आणि कार्ड शेजारी-शेजारी ठेवायचे, एवढेच.

सातव्या दिवसाचा कागद

गेल्या महिन्यात भावाला मुलगी झाली. चांगले नाव ठेवणे हे बाळाचे आई-बापावरचे देणे, असे अकीक्याच्या दिवशी आपण दरवेळी ऐकतो. ऐकतो, नाव ठेवतो आणि मग ते लिहायचे काम रुग्णालयाच्या किंवा नगरपालिकेच्या खिडकीवरच्या माणसाच्या कानावर सोपवतो.

या वेळी तसे झाले नाही. नाव ठरले त्या दिवशी अम्मीने भावाला आणि भाभींना समोर बसवले. वहीत नवे पान काढले. नाव आधी उर्दूत दादीने लिहिले. मग मराठीत भाभींनी लिहिले. 'ज' की 'झ' यावर थोडा वाद झाला आणि 'झ' ठरला. इंग्रजीत भाचीने लिहिले, एकच 'ए' की दोन यावर पुन्हा वाद झाला. शेवटी बापाचे नाव त्याच्या आधारवर आहे तसे, आईचे नाव तिच्या आधारवर आहे तसे, अक्षर-अक्षर पाहून लिहिले. त्या पानाची झेरॉक्स घेऊन भाऊ दाखल्याला गेला आणि म्हणाला, "साहेब, असेच लिहा."

दाखला आला तेव्हा अम्मीने चष्मा लावून तो वहीशेजारी धरला. बोट ठेवून एकेक अक्षर पाहिले. मग वही मिटली आणि म्हणाली, "हिला तरी कुणापुढे सिद्ध करावे लागणार नाही, की ही तीच आहे."

ॲप आम्हाला अजूनही हवे आहे. ज्या मुलामुलींना ते करावेसे वाटेल, त्यांना आपापल्या घरातली नावे आणि त्यांच्या तऱ्हा लिहून द्याव्यात, अशी आमची सर्व वाचकांना विनंती आहे. पण त्याची वाट पाहत बसू नका. या रविवारी पेटी खाली काढा. घरात जे सर्वांत वयस्क आहेत, त्यांच्या पानापासून सुरुवात करा.